समुद्रशेवंतीचा पाय

ज्या दिवशी इसक्कियप्पन गावी परत जायला निघाले, नेमकी त्याच दिवशी सकाळी जावयाने, वेलायुदमने, दुकानात समुद्रशेवंती आणली.

पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. तिच्यात नेसायच्या दोन वेष्ट्या, एक पंचा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि मुलीने, सोर्णमने, वाटेत खायला बांधून दिलेला लिंबूभात होता. छातीत पाणी झालं म्हणून चाळीस दिवसांपूर्वी त्यांना तूत्तुकुडीहून चेन्नईला आणलं होतं. आता श्वास नीट चालत होता, जिनाही न थांबता चढता येत होता. बरा झालेला बाप मुलीच्या घरी आणखी किती दिवस जेवणार? हे त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं. पण गेले चार दिवस ते ताटात दुसऱ्यांदा भात घेत नव्हते, यावरून सोर्णमने ओळखलं होतं. तिकडे घरात दुसरं कोणी नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि या खेपेला शेजाऱ्यांनी दार फोडून अप्पांना बाहेर काढलं होतं. हे ती विसरली नव्हती.

वेलायुदमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. चेन्नईतल्या कोळत्तूरच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना शोभेच्या माशांचीच दुकानं, त्यामुळे गिऱ्हाइकाचा पाय आपल्याकडे वळावा म्हणून प्रत्येकाने काहीतरी देखणं दाराशी मांडलेलं असे. वेलायुदमने मांडली होती खाऱ्या पाण्याची टाकी. चार हात लांब, आत खडक, पांढरी वाळू, वरून निळा उजेड आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. या माशांचं घर म्हणजे समुद्रशेवंती, खडकाला चिकटून फुलासारखा उमलणारा समुद्रातला एक जीव. ती नसल्यामुळे बिचारी जोडी वर्षभर एका कोपऱ्यात, बसस्टॉपवर उभ्या असलेल्या नवराबायकोसारखी तरंगत असे.

"आली, आली!" म्हणत वेलायुदमने पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी उंच धरली. तिच्या तळाशी तपकिरी-गुलाबी असा एक गोळा पडला होता.

इसक्कियप्पन चप्पल घालता घालता थांबले. "जावईबापू, बाजारातून कोंबडी आणल्यासारखी लोंबकळवू नका हो. जीव आहे तो."

"मामा, आता सोडतोच टाकीत," वेलायुदम म्हणाला. सासऱ्यांना तो मामाच म्हणे.

"अशीच? एकदम?" त्यांनी चप्पल काढली. "बाहेरून आलेल्या माणसाला आधी ओसरीवर तरी बसवाल की नाही?"

मग त्यांनी एक बारीक नळी मागून घेतली, तिला मध्ये सैलशी गाठ मारली आणि टाकीतलं पाणी पिशवीत थेंब थेंब पडेल असं केलं. नव्या पाण्याची चव अंगवळणी पडायला हवी, घाई कामाची नाही, असं म्हणून ते स्टुलावर बसले. थेंब पडत राहिले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मधेच ते जिभेच्या टोकावर बोट टेकवून पिशवीतलं पाणी चाखत.

"अप्पा," सोर्णम दारातून म्हणाली, "तुमची गाडी गेली."

"जाऊ दे. उद्या आहे ना."

सोर्णमने तेवढ्यात संधी साधली. "उद्या कशाला? तिला नीट बसवून मगच जा. अर्धवट काम टाकून गेलात तर उद्या ही गल्ली मलाच विचारेल, काय गं, तुझा बाप म्हणे समुद्रातला माणूस!"

इसक्कियप्पन हसले. "बरं बाई. ती बसली की मी निघालो."

"ती बसली की निघा," सोर्णमही म्हणाली. पिशवीतला लिंबूभात तिने गुपचूप काढून दुपारी सगळ्यांना वाढला.

पंधराव्या वर्षापासून अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत इसक्कियप्पन यांनी शंखांसाठी बुड्या मारल्या होत्या. पहाटे होडी निघायची. सात-आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोल पाण्यात उतरायचं, वाळूवर शंखाने ओढलेली बारीक रेघ शोधायची आणि ती जिथे संपेल तिथे हात घालायचा. विशीत डावा कान गेला, चाळिशीनंतर डोळे कायमचे लालसर झाले. सोर्णमच्या लहानपणीचा बाप म्हणजे ती उठायच्या आधी गेलेला आणि दिवेलागणीला जेवून भिंतीकडे तोंड करून झोपलेला. अंगाला मिठाचा वास. हाक मारली तर उजव्या कानाच्या बाजूने मारायची, एवढंच तिला त्याच्याविषयी नीट ठाऊक होतं.

त्या दुपारी त्यांनी टाकीतलं पाणी ढवळणारे पंप बंद करवले, उजेडही अर्ध्यावर आणला. मग खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून खडकाचा एकेक कोपरा चाचपला. एक खोबण त्यांच्या मनात भरली. मागून अंधारी, पुढून मोकळी, वर उजेड. तिथे त्यांनी तो गोळा हातांच्या ओंजळीतून असा उतरवला की बघणाऱ्याला वाटावं, पाणीच पाण्यात ठेवतायत.

"हिचा पाय असतो खाली," ते म्हणाले. "त्याला सावलीतली फट लागते आणि तोंडाला उजेड. समुद्रात हे तिचं तिला कळतं. इथे आपण नुसती जागा दाखवायची. दाबायचं नाही, ओढायचं तर नाहीच."

"ही समुद्रातली नाही, मामा," वेलायुदम म्हणाला. "कोट्टिवाक्कमला एक जण आहे, त्याच्या टाकीत एकीच्या दोन झाल्या. त्यातली ही एक."

"म्हणजे समुद्र बघितलाच नाही हिने?"

"नाही."

इसक्कियप्पनांनी हात काढला नाही. ओंजळ तशीच तिच्याभोवती धरलेली होती, आणि निळ्या पाण्यात त्यांचा हात दुसऱ्याच कुणाचा तरी, खूप जुना, खडकातूनच उगवलेला वाटत होता.

शेवंती काही लगेच बसली नाही. दुसऱ्या दिवशी ती खोबण सोडून खडकाच्या पाठीवर आली. तिसऱ्या दिवशी काचेवर चढून थेट पंपाच्या तोंडाकडे निघाली. पंपाने तिला आत ओढलं असतं तर तिच्या चिंध्या झाल्या असत्या आणि टाकीभर पाणी नासून मासेही गेले असते. इसक्कियप्पनांनी सोर्णमकडून भांडी घासायचा नवा स्पंज मागून घेतला, कापून पंपाच्या तोंडावर बांधला आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसले. "फिरू दे. घर बघतेय." चौथ्या दिवशी ती आपणहून खोबणीत परतली. तिच्या बोटांसारख्या बाहूंची टोकं फुगीर झाली, एकेक जणू पाण्याने भरलेला मणी, आणि ती सगळी मिळून मंद हलायला लागली.

एक ते चार दुकान बंद असे. वेलायुदम आत जाऊन आडवा होई. शटर अर्धं खाली ओढलेलं, बाहेर ऊन रणरणतंय आणि आत फक्त टाकीचा उजेड, भिंतीवर, छतावर, अप्पांच्या पांढऱ्या दाढीच्या खुंटांवर हेलकावणारा. सोर्णम भांडी आवरून त्यांच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसायची. ताडगुळाची काळी कॉफी दोघांमध्ये निवत राहायची. अप्पा टाकीकडे बघत बोलायचे, तिच्याकडे नाही, आणि म्हणूनच बहुधा त्यांना बोलता येत असावं.

"बुडीत श्वास संपायला आला ना, की माणूस घाबरून वर धावतो. मी नाही धावायचो. खडकावर या शेवंत्यांचं असं एक अख्खं शेत होतं, आपल्या चार अंगणांएवढं. वारा आल्यासारखं एकदम एका बाजूला झुकायचं. ते एकदा बघायचं आणि मग सावकाश वर. तुझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, तिथे बघत बसता म्हणून शंख कमी आणता!"

सोर्णम हसली. आईचं असं बोलणं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

एकदा ते म्हणाले, "तू जन्मलीस तेव्हा मी खालीच होतो. वर आलो तर होडीतले सगळे हसतायत. किनाऱ्यावरून कुणीतरी लाल लुगडं हलवून खूण केली होती. पुन्हा बुडी मारली. म्हटलं, खाली जरा एकट्याने हसून यावं."

बेचाळीस वर्षांच्या सोर्णमच्या डोळ्यांना पाणी आलं. निळ्या उजेडात ते दिसणार नाही, या भरवशावर तिने ते पुसलंही नाही.

फक्त शुक्रवारी काहीतरी बिनसत असे. पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी शेवंती आक्रसली, पार भिजल्या चिंधीसारखी. दोन-तीन दिवस तशीच राहिली, मग हळूहळू फुलायला लागली, गुरुवारपर्यंत निम्मीशी उमलली आणि पुन्हा शुक्रवारी चिंधी. माशांची जोडी जवळ येई, हुंगल्यासारखं करी आणि परत कोपऱ्यात. वेलायुदमच्या मते जोडी आत शिरली की शेवंती बसली. तो रोज सकाळी शटर वर करताना विचारी, "बसली का हो, मामा?"

"अजून नाही," इसक्कियप्पन म्हणत. आणि आत डोशाचा तवा तापवत असलेल्या सोर्णमच्या मनावरचं ओझं एक दिवसापुरतं उतरे.

शेजारच्या दुकानातली रमणीअक्का माशांचं खाणं विकायची. दुसऱ्या शुक्रवारी ती येऊन कमरेवर हात ठेवून टाकीपुढे उभी राहिली. "दृष्ट आहे ही. येणारजाणारा प्रत्येक जण डोळे फाडून बघतो, काय होणार दुसरं? सोर्णम, शुक्रवारचा ऊद तू नुसता दाखवल्यासारखा फिरवतेस. चांगला घाल मूठभर."

म्हणून तिसऱ्या शुक्रवारी सोर्णमने नारळाच्या करवंटीचे निखारे जास्त फुलवले, त्यावर मूठभर ऊद टाकला आणि धुपाटणं घेऊन देवापासून सुरुवात करत घरभर फिरली. शेवटी दुकान. दाराला, गल्ल्याला, मग वाकून टाकीखालच्या कपाटालाही धूर दाखवला. आणि तिथे तिला दिसलं.

सगळीकडे वर जाणारा धूर तिथे खाली वाकत होता. पाण्यातला मळ फेस करून काढायचं यंत्र त्या कपाटात होतं आणि फेसासाठी हवा ओढायची त्याची बोटाएवढी नळी बाहेर लोंबत होती. धुराचा बारीक दोरा होऊन सरळ त्या नळीच्या तोंडात चालला होता. जणू कुणी आतून ओढून घेत होतं. सोर्णमने यंत्राचं झाकण उघडून नाक खाली नेलं. फेसाला उदाचा वास होता.

तिने वर बघितलं. शेवंती तिच्या डोळ्यांदेखत मिटत होती.

म्हणजे दृष्टबिष्ट काही नाही. दर शुक्रवारी हे मीच करतेय.

अप्पा मागे अंगणात वेष्टी वाळत घालत होते. तोंडाशी आलेली हाक सोर्णमने गिळली. धूर बंद केला तर शेवंती फुलेल. फुलली की मासे शिरतील. मासे शिरले की पिशवी भरली जाईल. तिकडे ते बंद दार, आणि आत एकटे अप्पा. "पुढच्या आठवड्यात सांगू," ती स्वतःशी म्हणाली, नळी हळूच होती तशी सोडून दिली आणि आत जाऊन रसमला फोडणी दिली.

तो आठवडा गोड आणि टोचरा, दोन्ही गेला. तिने रोज दुपारी अप्पांच्या शेजारी बसून गोष्टी ऐकल्या. पण आता टाकीकडे बघताना ती शेवंतीची नजर चुकवायची. शेवंतीला डोळे नसतात, हे ठाऊक असूनही. आणि शेवंती तरी कशी, मंगळवारी थोडी, बुधवारी आणखी थोडी, परत परत उमलायला बघत होती. तिला रागवायचं माहीतच नव्हतं.

गुरुवारी रात्री जेवताना वेलायुदम म्हणाला, "रविवारी परत देऊन येतो तिला. तो माणूस घेईन म्हणालाय. मुकी जात, उगाच आपल्याकडे मरायची."

इसक्कियप्पनांचा घास हातातच राहिला. "एक आठवडा द्या, जावईबापू. एकच. मी बघतो काय ते."

आवाज एवढासा झाला होता. ज्या बापाने उभ्या आयुष्यात व्यापाऱ्याकडे, सावकाराकडे, दवाखान्यातसुद्धा कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, तो आज जावयाच्या ताटासमोर एक आठवडा मागत होता. सोर्णमने ताट बाजूला सारलं. आपण यांना ठेवून घेतलं नाही, अडकवून ठेवलंय, असं तिला वाटलं.

शुक्रवारी तिने निखारे फुलवले. ऊद घातला. देवाला, माजघराला, स्वयंपाकघराला दाखवला आणि दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन थांबली. आत अप्पा स्टुलावर, टाकीला नाक लावून. धुपाटण्याचा चटका बोटांना लागेपर्यंत ती उभी राहिली. मग वळली, मागच्या अंगणात गेली आणि कपडे धुवायच्या दगडाजवळ ते ठेवून दिलं. धूर आरामात आभाळात गेला.

"काय गं, आज दुकानाला ऊद नाही?" रमणीअक्काने भिंतीवरून डोकावून विचारलं.

"आज घरापुरताच."

"मग बघ काय होतं ते!" रमणीअक्का म्हणाली.

आणि खरंच झालं. दिवे लागायच्या सुमाराला अप्पांची हाक आली. हाक कसली, कुजबुज. सोर्णम धावत गेली. शेवंती पूर्ण उमलली होती, पसरट ताटाएवढी, तपकिरी-गुलाबी, प्रत्येक मण्याच्या टोकावर उजेडाचा ठिपका. माशांच्या जोडीतली मोठी मादी जवळ आली. अंग घासलं, मागे सरली, पुन्हा घासलं. मग घरात शिरून दार लोटून घ्यावं तशी ती आत गेली आणि दिसेनाशी झाली. पाठोपाठ नर.

दोघांनीही श्वास धरला होता. सोर्णमने आधी सोडला.

"अप्पा, माझ्या उदामुळे मिटत होती ती. त्या नळीतून धूर पाण्यात जायचा. मला गेल्या शुक्रवारीच कळलं होतं. मी बोलले नाही." तिचा आवाज चिरकला. "ती बसली की तुम्ही जाणार होता."

ते टाकीकडेच बघत राहिले. मग खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं खोकला उसळला, पण ते हसत होते.

"धुराचं मला नव्हतं ठाऊक," ते म्हणाले. "तीन शुक्रवार डोकं खाजवतोय. पण सोर्णम, बसलीये ती केव्हाचीच. दुसऱ्या आठवड्यातच."

"म्हणजे?"

"बाही वर कर. हात घाल आत."

शंख काढणाऱ्याची मुलगी, पण गुडघाभर पाण्यापलीकडे समुद्रात कधी गेली नव्हती. मुलींना कोण जाऊ देतं? तिने भीत भीत हात घातला. पाणी कोमट होतं, जरा जड. अप्पांनी तिचं मनगट धरून खडकाच्या मागे, अंधाऱ्या खोबणीत नेलं. "तोंडाला नको लावू. मागून ये. ओढू नकोस, नुसतं बोट टेकव."

बोटाला काहीतरी मऊ, घट्ट लागलं. खडक कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते, हे कळू नये असं. वरती एवढं हलणं-डुलणं, उमलणं-मिटणं चाललेलं, आणि खाली हे इतकं निश्चल.

"बसलंय की नाही ते इथे कळतं," अप्पा म्हणाले. "तोंड काय, रोज वेगळं. मी रोज सकाळी तुम्ही उठायच्या आत हात घालून बघत होतो. घट्टच आहे."

"आणि रोज म्हणत होतात अजून नाही?"

इसक्कियप्पनांनी तिचं मनगट सोडून हात बाहेर घेतला. त्यांच्या लालसर डोळ्यांत निळा उजेड हलत होता. सोर्णमला काल रात्रीचा तो एवढासा आवाज आठवला. एक आठवडा द्या. तो शेवंतीसाठी नव्हता तर.

"अप्पा, राहा ना," ती म्हणाली. "हिच्यासाठी नको आता. माझ्यासाठी."

"मुलीच्या घरी बाप असा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "जावईबापूंना काय वाटेल?"

"जावईबापूंना विचारा की मग!" दारातून वेलायुदमचा आवाज आला. तो कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. त्याची नजर टाकीवरून हलत नव्हती. "मामा, मला माशांतलं कळतं, पाण्यातलं कळत नाही. हे बघा, ही हात घालून उभी आहे आणि ती मिटत नाहीये. मला वर्षभरात जमलं असतं का हे? तुम्ही गेलात तर मी कुणाला विचारू?"

"मग उगाच परत द्यायला निघाला होतात?"

"तुम्हीच रोज सकाळी सुतकी तोंड करून सांगत होतात, बसली नाही म्हणून!"

 इसक्कियप्पनांनी पंचाने तोंड पुसलं, मग मान पुसली, मग ओला हातही पुसला. बाहेर गल्लीत एकेका दुकानाचा दिवा लागत होता.

"एकदा जाऊन यायला हवं," ते शेवटी म्हणाले. "पावसाळ्याआधी छपराची कौलं बघायचीत. तुझ्या आईचा फोटो भिंतीवर तसाच आहे, तो घेऊन येतो."

"किती दिवस?"

"आठ." थोडं थांबून त्यांनी हिशेब बदलला. "दहा धर. तिकडची माणसं लवकर सोडत नाहीत."

"दहाव्या दिवशी मी स्टेशनवर उभी राहणार," सोर्णम म्हणाली. हात अजून पाण्यातच होता. मादी शेवंतीतून डोकावली, तिच्या मनगटाला नाकाने दोनदा ढुशी दिली आणि चला, निघा आता, असं सांगितल्यासारखी पुन्हा आत गेली.